नेमलेल्या वेळेचे काम का होत नाही?

जयपूरच्या वेधशाळेत सम्राट यंत्रापाशी उभा राहिलेला प्रवासी आपले मनगटी घड्याळ यंत्राच्या छायेशी ताडून पाहतो, तेव्हा त्याचा बहुधा गोंधळ उडतो. सुमारे सत्तावीस मीटर उंचीच्या त्या दगडचुन्याच्या प्रचंड त्रिकोणाची सावली बाजूच्या वक्र पट्टीवर दर सेकंदास एक मिलिमीटरहून किंचित अधिक सरकते, म्हणजे ती चालताना डोळ्यांना दिसते. पट्टीवरील खुणा दोन सेकंदांपर्यंतचा काळ वाचता यावा अशा कोरलेल्या आहेत. असे असूनही मनगटावर बारा वाजले असता यंत्रावर मात्र बाराला बरीच मिनिटे कमी असतात. फेब्रुवारीच्या मध्यास हे अंतर एकेचाळीस मिनिटांच्या घरात जाते, तर नोव्हेंबरच्या आरंभी ते दहाअकरा मिनिटांवर येते.

यात यंत्राचा दोष नाही आणि घड्याळाचाही नाही. सवाई जयसिंग (१६८८–१७४३) यांनी १७२७ साली वसविलेल्या आपल्या नव्या राजधानीत ही वेधशाळा उभारली, ती जयपूरच्या आकाशातील सूर्य पाहण्यासाठी. त्यांच्या पदरी असलेले सम्राट जगन्नाथ पंडित परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. या मंडळींचे यंत्र जयपूरचा स्थानिक सौर काळ दाखविते. प्रवाशाचे घड्याळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचा काळ दाखविते. जयपूर या रेषेच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंशांवर असल्यामुळे तेथील मध्यम काळ जवळजवळ सत्तावीस मिनिटांनी मागे राहतो. उरलेला फरक पृथ्वीच्या भ्रमणाच्या कमीअधिक गतीमुळे आणि तिच्या अक्षाच्या कलामुळे ऋतुमानाप्रमाणे पडतो. दोन्ही साधने बरोबर असून त्यांना विचारलेले प्रश्न निराळे आहेत, एवढेच.

याच जयपुरात, आणि जगातील इतर प्रत्येक शहरात, आता असंख्य संगणक रात्रंदिवस घड्याळाबरहुकूम कामे करीत असतात. बँकेचे दिवसाचे हिशेब रात्री मिळविणे, रुग्णालयाच्या नोंदींची प्रत काढणे, ग्रंथालयातील मुदत टळलेल्या पुस्तकांची यादी पहाटे तयार ठेवणे, ही कामे माणूस समोर नसताना व्हावयाची असतात. आणि कधी कधी ती होत नाहीत. अशा वेळी प्रथमदर्शनी वाटते की यंत्र बिघडले. बहुतेक प्रसंगी तेही सम्राट यंत्राप्रमाणे निर्दोष असते. त्याला सांगितलेली गोष्ट आणि सांगणाऱ्याच्या मनातील गोष्ट यांत मात्र अंतर पडलेले असते. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या संदर्भात हे अंतर कोठे पडते आणि ते कसे शोधावे, याचा विचार येथे केला आहे.

दर मिनिटाला जागा होणारा कारकून

लिनक्सचे मूळ यंत्र लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. परंतु वेळापत्रकाने कामे करविण्याची तिच्यातील पद्धत तिच्याहून जुनी आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्स प्रणालीत ‘क्रॉन’ नावाची सेवा होती. काळवाचक ग्रीक शब्दावरून हे नाव आले, असे सांगतात. पुढे १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी क्रॉनची नवी रचना केली आणि आज लिनक्सवर आढळणारे बहुतेक क्रॉन तिचेच वंशज आहेत.

क्रॉन म्हणजे एक अत्यंत आज्ञाधारक कारकून होय, असे समजावे. तो दर मिनिटाला एकदा जागा होतो, घड्याळ पाहतो, आपल्यापुढील तक्ता वाचतो, त्या मिनिटास एखादे काम नेमलेले असेल तर ते सुरू करून देतो आणि पुन्हा निजतो. काम पुरे झाले की नाही, ते नीट झाले की नाही, याची तो चौकशी करीत नाही. काल एखादे काम राहून गेले होते, हे त्याच्या स्मरणात नसते. त्याच्या या तिन्ही स्वभावविशेषांतून पुढील बहुतेक अडचणी निर्माण होतात.

तक्त्यातील प्रत्येक ओळीत आधी पाच खाणी आणि नंतर करावयाची आज्ञा असते. पाच खाणी अनुक्रमे मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार यांची. एखाद्या खाणीत तारकाचिन्ह घातले तर ‘कोणतेही चालेल’ असा त्याचा अर्थ होतो. रोज रात्री अडीच वाजता काम व्हावयाचे असल्यास ओळीचा आरंभ ‘३० २ * * *’ असा होईल. (प्रत्यक्ष यंत्रावर हे अंक अर्थातच इंग्रजी लिपीत लिहावयाचे.)

आता समजा, जयपुरातील एका सार्वजनिक ग्रंथालयाने आपली पुस्तकांची व सभासदांची सर्व नोंद अशा संगणकावर ठेवली आहे. रोज रात्री अडीच वाजता त्या नोंदींची एक प्रत निराळ्या डिस्कवर उतरवावी, असे क्रॉनच्या तक्त्यात लिहून ठेवले आहे. एके सकाळी ग्रंथपाल सहज पाहतात, तो शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. आज मूळ डिस्क नादुरुस्त झाली, तर तीन आठवड्यांत कोणते पुस्तक कोणाकडे गेले याचा पत्ता लागावयाचा नाही. शोधास प्रारंभ कोठून करावा?

कारकून जागा होता काय?

पहिला प्रश्न सर्वांत साधा आहे, आणि म्हणूनच तो विचारावयाचा राहून जातो. क्रॉनची सेवा चालू आहे काय, आणि त्या मिनिटाला मुळात संगणक तरी चालू होता काय? ग्रंथालय बंद करताना शिपाई विजेची मुख्य कळ बंद करून जात असेल, तर अडीच वाजता जागे होण्यास कोणी उरतच नाही. सकाळी दहाला संगणक सुरू झाल्यावर क्रॉन रात्रीचे राहिलेले काम भरून काढीत नाही. तो फक्त दहा वाजताची ओळ शोधतो. अशा ठिकाणी ‘अ‍ॅनाक्रॉन’ नावाची सोबतीण सेवा उपयोगी पडते. तिचा हिशेब घड्याळाच्या तासावर नसून ‘शेवटचे काम होऊन किती दिवस झाले’ यावर असतो. अलीकडच्या बहुतेक लिनक्स व्यवस्थांत ‘सिस्टिमडी’ या नियंत्रकाचे टायमरही असतात. त्यांना चुकलेले काम संगणक सुरू होताच करण्यास सांगता येते, मात्र तसे स्पष्ट लिहावे लागते.

कारकून जागा होता याचा पुरावा दैनंदिनीत मिळतो. लिनक्स आपल्या घडामोडींची नोंद ठेवीत असते. डेबियन व उबुंटू या वितरणांत ती पारंपरिक रीत्या ‘सिसलॉग’ या फाइलीत, तर रेड हॅटच्या घराण्यात क्रॉनच्या स्वतंत्र फाइलीत सापडते; नव्या व्यवस्थांत ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेनेही ती वाचता येते. अडीच वाजताची ओळ तेथे असेल, तर क्रॉनने आपले काम केले आणि दोष पुढे कोठे तरी आहे. ओळ नसेल, तर दोष तक्त्यात किंवा सेवेत आहे. या एका पाहणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, म्हणून तर्ककुतर्क करण्यापूर्वी दैनंदिनी उघडावी हे उत्तम.

ओळ वाचता आली काय?

तक्त्यातील चुका लहान दिसतात. मिनिटाच्या खाणीत तारकाचिन्ह ठेवून तासाच्या खाणीत दोन लिहिले, तर काम दोन वाजता एकदा न होता दोनपासून तीनपर्यंत दर मिनिटाला, म्हणजे साठ वेळा सुरू होते. तारीख आणि वार या दोन्ही खाणी भरल्या, तर पुष्कळांची अपेक्षा असते की दोन्ही जुळतील त्याच दिवशी काम व्हावे. क्रॉन मात्र दोहोंपैकी एक जुळले तरी काम करतो. ‘तेरा तारीख आणि शुक्रवार’ असे लिहिणाऱ्याचे काम प्रत्येक तेरा तारखेस आणि शिवाय प्रत्येक शुक्रवारी होते. आज्ञेत शेकड्याचे चिन्ह आले, तर क्रॉन तेथे ओळ तोडतो. फाइलीच्या नावात दिनांक घालण्यासाठी हे चिन्ह हमखास वापरले जाते आणि त्यामुळे हातांनी दिली असता चालणारी आज्ञा तक्त्यात निकामी ठरते. त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ घातली की अडचण मिटते. तक्त्याच्या शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करण्याची खूण नसेल, तर काही क्रॉन ती शेवटची ओळ जमेसच धरीत नाहीत.

सभासदाचा स्वतःचा तक्ता आणि संपूर्ण यंत्रणेचा तक्ता यांत एक भेद आहे. यंत्रणेच्या तक्त्यात पाच खाण्यांनंतर काम कोणाच्या नावे करावे हेही लिहावे लागते. एका तक्त्यातील ओळ दुसऱ्यात जशीच्या तशी उतरविली, तर आज्ञेचा पहिला शब्द माणसाचे नाव समजला जातो, किंवा माणसाचे नाव आज्ञा समजली जाते. डेबियन घराण्यात रोजच्या व आठवड्याच्या कामांसाठी जे कप्पे असतात, त्यांत ठेवलेल्या फाइलीच्या नावात पूर्णविराम असला तर ती फाइल मुकाट्याने वगळली जाते. ‘प्रत.एसएच’ असे शहाणपणाने नाव देणाऱ्यास हे कोणी सांगितलेले नसते.

तक्त्याला काय लिहिता येत नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आषाढी पौर्णिमेस सूर्यास्ताच्या वेळी जयपूरच्या सम्राट यंत्रावर ज्योतिषी जमतात आणि वाऱ्याची दिशा पाहून पावसाचे अनुमान बांधतात, अशी तेथील जुनी प्रथा आहे. हे नेमलेल्या वेळेचेच कार्य होय. परंतु तिथी आणि सूर्यास्त यांपैकी काहीही क्रॉनच्या पाच खाण्यांत मावत नाही. त्याला फक्त ग्रेगरी दिनदर्शिका आणि घड्याळ समजते. असे काम करवावयाचे झाल्यास रोज एक छोटी आज्ञावली चालवून, आज तो दिवस आहे काय हे तिच्याकडून गणित करवून घ्यावे लागते.

कोणाचे अडीच?

ग्रंथालयाच्या दैनंदिनीत अडीच वाजताची नोंद आहे, परंतु प्रतीवरचा वेळ सकाळी आठचा आहे, असेही घडू शकते. पुष्कळ संस्था आता संगणक स्वतःच्या इमारतीत न ठेवता दूरच्या केंद्रातील यंत्र भाड्याने घेतात. अशी यंत्रे बहुधा जागतिक समन्वित काळावर लावलेली असतात. भारतीय प्रमाणवेळ त्या काळाच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून तेथील क्रॉनला सांगितलेले ‘अडीच’ जयपुरात सकाळी आठला वाजते; ग्रंथालय उघडण्याच्या सुमारास यंत्र प्रत काढण्यात गुंतते आणि लोक ‘संगणक मंद झाला’ अशी तक्रार करतात.

दुरुस्ती करताना येथे दोन पायऱ्या चुकतात. पहिली अर्ध्या तासाची. जगातील बहुतेक देशांचे अंतर पूर्ण तासांत असते आणि उदाहरणे त्यांचीच वाचलेली असतात, त्यामुळे तासाची खाणी बदलली जाते, मिनिटाची तशीच राहते. दुसरी चूक वाराची. जयपुरात सोमवारी पहाटे अडीच वाजतात, तेव्हा जागतिक काळाप्रमाणे रविवारचे रात्रीचे नऊ झालेले असतात. आठवड्याचे काम ‘सोमवारी नऊ वाजता’ असे बदलून लिहिले, तर ते जयपुरात मंगळवारी पहाटे होईल. वारही एकाने मागे घ्यावा लागतो. महिन्याच्या पहिल्या तारखेच्या कामाची स्थिती याहून बिकट, कारण आदल्या दिवशीची तारीख कधी २८, कधी ३०, तर कधी ३१ असते. शक्य असेल तेथे यंत्रालाच भारतीय काळ लावणे सोयीचे. त्याचे नाव काळपट्ट्यांच्या सूचीत ‘एशिया-कोलकाता’ असे आहे. मात्र यंत्राची काळपट्टी बदलल्यावर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी. चालू असलेला कारकून बहुधा जुन्याच घड्याळावर चालत राहतो.

एकाच गावात दोन घड्याळे नांदणे महाराष्ट्राला नवीन नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या आरंभी सुरू झाली, तरी तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहराच्या व्यवहारात १९५५ पर्यंत तग धरून होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात साऱ्या देशाची घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. आज भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नाही. ज्या देशांत ती पाळतात, तेथील काळपट्टीवर लावलेल्या यंत्रात मात्र वर्षातून एका रात्री एक तास नाहीसा होतो आणि दुसऱ्या एका रात्री तोच तास दोनदा येतो. रात्री एक ते तीन या दरम्यान नेमलेली कामे अशा रात्री चुकण्याचा अथवा दोनदा होण्याचा संभव असतो.

रिकाम्या खोलीतील काम

आता सर्वांत सामान्य आणि सर्वांत चकविणाऱ्या दोषाकडे वळावे. ग्रंथालयाच्या दैनंदिनीत अडीच वाजता काम सुरू झाल्याची नोंद आहे, घड्याळही बरोबर आहे, तरी प्रत नाही. ग्रंथपाल तीच आज्ञा स्वतः संगणकापुढे बसून देतात आणि प्रत बिनचूक तयार होते. ‘हाताने चालते, क्रॉनकडून चालत नाही,’ ही तक्रार क्रॉनइतकीच जुनी असावी.

माणूस आपले नाव व पासवर्ड देऊन संगणकात प्रवेश करतो, तेव्हा त्याच्यासाठी एक सजविलेली खोली तयार होते. आज्ञा कोणकोणत्या डिरेक्टरींत शोधाव्या, भाषा व लिपी कोणती, कामाची जागा कोणती, यांविषयीच्या सूचना त्याच्या वैयक्तिक फाइलींतून आधीच वाचल्या जातात. क्रॉन काम सुरू करतो ते जवळजवळ रिकाम्या खोलीत. तेथे आज्ञा शोधण्याची ठिकाणे बहुधा दोनच असतात, ‘यूएसआर’खालील ‘बिन’ आणि मुळाखालील ‘बिन’. प्रत काढणारे साधन तिसऱ्या ठिकाणी बसविलेले असेल, तर ‘अशी आज्ञा सापडत नाही’ एवढे म्हणून काम तेथेच संपते. आज्ञांचा अर्थ लावणारे कवचही निराळे असते. माणूस बहुधा ‘बॅश’ वापरतो, क्रॉन साधे ‘एसएच’ वापरतो, आणि बॅशच्या काही सवयी त्याला समजत नाहीत. फाइलींची नावे अर्धवट दिली असतील, तर ती ग्रंथपालाच्या चालू कप्प्यात न शोधता त्याच्या मूळ कप्प्यात शोधली जातात.

लिपीची अडचण भारतीय वाचकास विशेष जवळची आहे. रिकाम्या खोलीत भाषेची सूचना नसली, तर काही जुन्या आज्ञावल्या केवळ इंग्रजी अक्षरे गृहीत धरतात. पुस्तकांची नावे देवनागरीत असलेल्या यादीतील पहिल्या ‘अ’वरच त्या अडखळून थांबतात. दिवसा पडद्यावर तीच यादी सुरेख उमटलेली असते, त्यामुळे संशय तिकडे जातच नाही.

डिस्कचेही तसेच. बाहेरून जोडलेली डिस्क पुष्कळ संगणकांत माणूस प्रवेश करतो तेव्हाच आपोआप जोडली जाते. रात्री कोणीही आत नसते, म्हणून डिस्कही नसते. येथे एक धोका असा की, डिस्क जोडावयाचा रिकामा कप्पा मात्र जागेवर असू शकतो. आज्ञावली त्यातच प्रत लिहिते, ती मूळ डिस्कवरच पडते आणि रोज थोडी थोडी जागा खात अखेरीस सर्व यंत्र भरून टाकते. प्रत काढण्यापूर्वी डिस्क खरोखर जोडलेली आहे काय, हे आज्ञावलीनेच तपासून पाहावे.

यावरचे उपाय साधे आहेत. प्रत्येक आज्ञेचा आणि फाइलीचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा. लागणाऱ्या सूचना तक्त्याच्या आरंभी अथवा आज्ञावलीत स्पष्ट द्याव्या. आज्ञावलीच्या फाइलीस चालविण्याची परवानगी आहे काय ते पाहावे. विंडोज संगणकावर लिहून आणलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी न दिसणारे एक जादा चिन्ह राहते, तेही काढून टाकावे. आणि क्रॉनची खोली कशी आहे याविषयी अंदाज करीत बसण्यापेक्षा क्रॉनकडूनच तिची यादी करून घ्यावी. तक्त्यात दोन मिनिटांनंतरच्या वेळी ‘ईएनव्ही’ ही आज्ञा लिहून तिचे उत्तर एका फाइलीत साठवावे. मग तीच रिकामी खोली हातांनी निर्माण करून तिच्यात आज्ञावली चालवून पाहता येते, आणि रात्री अडीच वाजेपर्यंत ताटकळावे लागत नाही.

ऐकणारा कोणी होता काय?

रिकाम्या खोलीत काम अडले, तेव्हा त्याने तक्रार केली नाही असे नाही. केलेली तक्रार कोणी ऐकली नाही. नेमलेल्या कामाने काही उत्तर छापले तर ते त्या माणसाच्या नावे टपालाने पाठवावे, अशी क्रॉनची जुनी रीत आहे. पण ज्या यंत्रावर टपालाची व्यवस्थाच बसविलेली नाही, तेथे ते उत्तर हवेत विरते. कित्येकदा रोजच्या निरर्थक टपालाला कंटाळून कोणी तरी सर्व उत्तरे ‘नल’ नावाच्या अथांग विहिरीत टाकण्याची सोय करून ठेवतो आणि कालांतराने ती गोष्ट विसरतो. त्या दिवसापासून काम आणि कामाचा अभाव यांचा आवाज सारखाच येतो.

याची किंमत किती पडू शकते, याचे एक सर्वश्रुत उदाहरण आहे. गिटलॅब ही संस्था जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम साठवून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी, एक तांत्रिक अडचण निवारताना तिच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसंग्रहच चुकीने पुसला गेला. दर चोवीस तासांनी त्याची प्रत काढण्याचे काम नेमलेले होतेच. प्रतींचा कप्पा उघडला, तो रिकामा. माहितीसंग्रह ९.६ या आवृत्तीचा, तर प्रत काढणारे साधन ९.२ या आवृत्तीचे चालविले जात होते. त्यामुळे प्रत्येक वेळी काम आरंभीच थांबत असे. क्रॉनने त्याचे टपालही पाठविले होते, परंतु त्यावर आवश्यक ती ओळख नसल्याने स्वीकारणाऱ्या यंत्रणेने ते नाकारले होते. सुदैवाने अपघातापूर्वी सुमारे सहा तास एका अभियंत्याने निराळ्याच कारणासाठी हाताने एक प्रत घेतली होती. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सातशे नवी खाती यांच्या नोंदींस मात्र झळ पोहोचली. संस्थेने हा सर्व वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला, हे तिच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. त्यावरून इतरांना पुष्कळ शिकता आले.

म्हणून कामाचे साधे उत्तर आणि तक्रारीचे उत्तर ही दोन्ही एका फाइलीत जोडत जावी. लिनक्समध्ये हे दोन निराळे प्रवाह आहेत; पहिलाच साठविला आणि दुसरा राहिला, तर फाइल स्वच्छ दिसते आणि दोष झाकला जातो. याहून सावध उपाय उलट्या दिशेचा आहे. काम अयशस्वी झाल्यास कळवावे असे न ठेवता, यशस्वी झाल्यावर कामाने दुसऱ्या एखाद्या यंत्रास खूण पाठवावी, आणि ठरलेल्या वेळेत खूण आली नाही तर त्या दुसऱ्या यंत्राने हाक द्यावी. संगणक बंद पडला, तक्ता पुसला गेला, टपाल अडले, यांपैकी काहीही झाले तरी खूण येत नाही.

एक काम पुरे होण्यापूर्वीच दुसऱ्याची वेळ येणे, हाही एक प्रकार आहे. नोंदी वाढत जातात, दहा मिनिटांचे काम सत्तर मिनिटे घेऊ लागते, आणि दर तासाला नेमलेली दोन कामे एकाच फाइलीवर लिहू लागतात. ‘एफलॉक’ या आज्ञेने दाराला कुलूप लावता येते. आधीचा बाहेर पडेपर्यंत दुसरा आत येत नाही.

जयपूरच्या त्या कल्पिलेल्या ग्रंथालयात शेवटी काय आढळावे? दैनंदिनीत रोज अडीच वाजताची ओळ सापडली. कारकून निर्दोष ठरला. उत्तरे साठविणारी फाइल नव्हती. ती जोडून वेळ दोन मिनिटे पुढची लावली, तेव्हा तिच्यात एकच ओळ उमटली: प्रत काढणारी आज्ञा सापडत नाही. तीन आठवड्यांपूर्वी ते साधन नवे आणून दुसऱ्या कप्प्यात बसविण्यात आले होते. पूर्ण पत्ता लिहिताच प्रत निघाली. ग्रंथपालांनी तेवढ्यावर न थांबता ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली, सभासदांची संख्या ताडली आणि मगच जुन्या डिस्कवरील विसंबून राहिलेल्या प्रतींची व्यवस्था लावली. चाचणीसाठी बदललेली वेळ पुन्हा ‘३० २’ अशी लिहावयाची राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी, ऐन वाचकांच्या गर्दीत काम सुरू झाल्यावर लक्षात आली.